काळजीवाहूचा रकाना

निरोप समारंभात मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि आमच्या साहेबांनी भाषणात सांगितलं, की मॅडमनी इतकी वर्षं 'युजर एक्स्पीरियन्स'ची धुरा समर्थपणे सांभाळली. पहिल्याच रांगेत माझी सख्खी बहीण बसली होती. टाळ्या संपल्यावर ती कानाशी लागली. "ते सगळं ठीक आहे वं, पण तू तिथं नेमकं करत काय होती?"

बहिणीला जे सांगितलं तेच इथे सांगते. आमची कंपनी मोबाईलवर चालणाऱ्या गोष्टी बनवायची. बनवणारी मंडळी पंचविशीतली, डोळ्यांनी तल्लख आणि बोटांनी चपळ. त्यांनी बनवलेलं घेऊन मी ज्यांच्यासाठी ते बनवलंय त्यांच्या घरी जायचे, त्यांच्या हातात द्यायचे आणि गप्प बसायचे. बोट कुठे बिनधास्त पडतं, कुठे घुटमळतं, माणूस कुठे चष्मा काढून पुसतो आणि कुठे "राहू द्या, मुलगा आला की बघेल" म्हणून मोबाईल उशीखाली सारतो, हे सगळं वहीत उतरवून आणायचं. यातलं सगळ्यात अवघड काम गप्प बसणं. मी मुळात "अहो ते खाली, खाली बघा ना" म्हणणारी. सुरुवातीची काही वर्षं मी तोंडात लवंग धरून बसायचे.

वहीच्या समासात माझी एक खूण ठरलेली होती. माणूस चुकला की लिहायचं 'वा. गों.', म्हणजे वापरकर्त्याचा गोंधळ. ती दोन अक्षरं मी किती वेळा लिहिली असतील याचा हिशेब नाही. लिहिताना मला आपण फार शास्त्रीय काम करतोय असं वाटायचं.

आमचं ऑफिस लकडगंजात होतं, एका सागवानाच्या टालीच्या, म्हणजे लाकडाच्या वखारीच्या, वर. खाली लाकूड कापायचं आरामशीन सुरू झालं की वर साहेबांची मीटिंग आपोआप थांबायची. कीबोर्डवर भुसा बसायचा. टालीचे मालक गुलाबरावजी सत्तरी ओलांडलेले, पण लाकडावर नुसता तळहात ठेवून ते किती वाळलंय ते सांगायचे. आमच्याकडे नवीन काही तयार झालं की मी आधी खाली जाऊन त्यांच्या हातात द्यायचे. एकदा पडद्यावर बटण होतं, 'अक्षर वाढवा'. गुलाबरावजींना बारीक अक्षर दिसत नव्हतं, डोळे बारीक करून करून पाणी आलं, पण त्या बटणाला काही हात लावेनात. मी लवंग चावून गिळली आणि विचारलं, "काहून दाबत नाही जी?"

"दाबू कसा? दुकान वाढवलं मंजे बंद केलं. नारळ वाढवला मंजे फोडला. आमची बायको बांगडी वाढवली म्हणते तेव्हा नवी आणा लागते. आता हे अक्षर वाढवलं, अन् होतं तेही गेलं, तं तुमची कंपनी देईन का भरून?"

मी वहीत 'वा. गों.' लिहिलं आणि वर येऊन सगळ्यांना हसत हसत सांगितलं. बटण बदलून 'अक्षर मोठं करा' केलं, गुलाबरावजींनी झटक्यात दाबलं. खूण मात्र वहीत तशीच राहिली. चूक त्यांची नव्हती, मराठीत ते बरोबरच वाचत होते, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. ते शिरायला नरखेड तालुक्यात जावं लागलं.

झालं असं, की एका धर्मादाय रुग्णालयाने आमच्याकडून एक ॲप बनवून घ्यायचं ठरवलं. मुलं बाहेरगावी आणि आईवडील घरी एकटे, अशा घरांसाठी. कल्पना सोपी होती. रोज सकाळी मोबाईलवर प्रश्न यायचा, 'आपण कसे आहात?' खाली दोन मोठी बटणं. हिरवं म्हणजे 'मी बरा/बरी आहे', लाल म्हणजे 'मदत हवी'. हिरवं दाबलं की मुलाच्या मोबाईलवर हिरवा ठिपका. लाल दाबलं किंवा काहीच दाबलं नाही, की मुलाला घंटी. आम्ही त्याचं नाव ठेवलं 'खुशाली'. साहेबांना नाव इतकं आवडलं की त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे खिलवले.

चाचणीसाठी रुग्णालयाने जी घरं सुचवली त्यातलं एक सिंधूमावशींचं. नरखेड तालुक्यातलं लहानसं गाव, एसटी फाट्यावर सोडते आणि पुढे चालायचं. मावशींचं वय चौऱ्याहत्तर. यजमान गेलेले, मुलगी वरुडला दिलेली, मुलगा सुधाकर पुण्यात. घरामागे संत्र्याचा बगीचा, दीडशे झाडं, आणि ती सगळी मावशींच्या हाताखालची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या ओसरीवर बसून मोबाईल कानाला लावून कुणाचं तरी ऐकत होत्या. मग हसून मोबाईल खाली ठेवला. "मोटर लावली," म्हणाल्या. विहिरीवरच्या पंपाला मोबाईलचा स्टार्टर बसवलेला. इथून फोन लावला की तिकडे मोटर सुरू होते आणि एक बाई आतून सांगते की मोटर सुरू झाली. वीज गेली, फेज गेला, तरी ती बाई सांगते. मावशी तिला 'मोटरवाली' म्हणायच्या. आमच्या कागदांवर मावशींच्या नावापुढे 'तंत्रज्ञानाची ओळख नाही' असं छापलेलं होतं. ते मी हळूच दुमडलं.

त्या घरात पणाला काय लागलं होतं ते मावशींनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. सुधाकरला आई एकटी राहते याची धास्ती होती. त्याचं म्हणणं, घराला कुलूप लावायचं, बगीचा ठोक्याने दुसऱ्याला कसायला द्यायचा आणि आईने पुण्याला यायचं, तिसऱ्या मजल्यावर. मावशींना यायचं नव्हतं. दोघांत ठरलं होतं की हे ॲप लावून पाहू. सगळं नीट चाललं तर आई गावात.

"मंजे हे तुह्यं डबडं माह्या घराचं कुलूप आहे वं बाई," मावशी म्हणाल्या. "नीट बनवजो."

मग नोंदणीचा कागद. वरच्या रकान्यात 'ज्येष्ठ व्यक्तीचे नाव', खालच्या रकान्यात 'काळजीवाहूचे नाव'. मावशी सातवी शिकलेल्या. चष्मा लावला, पेन मागितला, आणि एकेक अक्षर दाबून दाबून लिहिलं. वरच्या रकान्यात सुधाकर. खालच्या रकान्यात सिंधू.

मी म्हटलं, "मावशी, उलट झालं."

"काहून? ज्येष्ठ मंजे मोठा ना? मोठा हाच. लहानी वरुडले देली."

"नाही हो, ज्येष्ठ म्हणजे वयाने मोठं माणूस. तुम्ही."

"असं होय. मंग हे खालचं काय? काळजीवाहू तं सरकार राह्यते. पेपरात येते." थोडं थांबून म्हणाल्या, "वाहू मंजे वाहनारा. तं मंग बरोबर आहे. कायजी तं मीच करून राहिली त्याची. पोट्टा जेवला का, गाडी हळू चालवते का. तो कोठची माही करते?"

आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, तेव्हा मावशींची काळजी म्हणजे 'कायजी'. मला त्या शब्दाची गंमत वाटली. मी हसले, त्यांच्या हातून पेन घेतलं, दोन्ही नावांवर काट मारली आणि वर-खाली अदलाबदल करून लिहिली. एसटीत बसल्यावर वहीच्या समासात 'वा. गों.' सुद्धा लिहिलं.

महिनाभर हिरवा ठिपका रोज उमटत होता, सकाळी सहाच्या ठोक्याला. साहेब खूष, रुग्णालय खूष, सुधाकरचा फोन आला की आईने ॲप छान आत्मसात केलंय. मी ठरल्याप्रमाणे पुन्हा गावाला गेले. त्या आठवड्याचे चारही ठिपके हिरवेगार होते.

मावशी ओसरीवरच बसून होत्या. म्हणाल्या, "ये वं. चा चुलीवरच्या गंजात आहे, तूच घेऊन ये. अन् मले बी आन."

मी आत पाऊल टाकलं आणि थबकले. ही बाई मला कधी कप विसळू देत नसे. पाहुण्याला स्वयंपाकघरात पाठवणाऱ्यातली ती नव्हतीच. बाहेर येऊन मी त्यांच्या पायावरचं पातळ बाजूला केलं. घोटा वांग्यासारखा फुगून काळानिळा झाला होता, वर हळदीचा लेप आणि जुन्या लुगड्याची पट्टी. चार दिवसांपूर्वी बगीच्याच्या धुऱ्यावर, बांधावरून चालताना, पाय खड्ड्यात गेला होता. तेव्हापासून त्या घरात भिंत धरून फिरत होत्या. शेजारची चंद्रकला भाकर आणून देत होती.

"मावशी, रोज हिरवं काहून दाबलं मग?"

"बरीच तं आहो मी. पाय दुखून राहिला, बाकी बरीच आहो." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लाल दाबलं असतं तं पोट्टा गाडी घेऊन आला असता. मंग दाराले कुलूप. तू नोको सांगू वं. चार दिवसांत होते बरं."

आमच्या धंद्यात नियम आहे, चाचणीत जे कळलं ते तिथेच राहतं. पण घोटा बघितल्यावर मला नियम सुचला नाही. फाट्यावर एसटीची वाट बघताना मी सुधाकरला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला. हाड चिरलं होतं, प्लास्टर घालावं लागलं, आणि मावशी पुण्याला गेल्या. घराला कुलूप लागलं. फोन मी केला ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. पण मावशींनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि ते मला लागलं. चार दिवस त्या दुखत्या पायाने मोबाईलपर्यंत जाऊन हिरवं दाबत होत्या, आणि तसं दाबायची सोय आम्ही करून दिली होती.

ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "वापरकर्ता खोटी माहिती देत असेल तर आपण काय करणार?" मी वाद घातला नाही. आमच्या चाचणीत कोराडीचे धोटेकाका होते, त्यांना बोलावून घेतलं. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात टॉर्च आणि पेन, आणि खुर्चीवर बसले की समोरच्या भिंतीकडे नजर, जणू तिथे अजून पॅनेल आहे. गुलाबरावजीही वर येऊन बसले. पहिल्यांदाच आम्ही म्हाताऱ्या माणसांना तयार वस्तू चाखायला न देता, कोऱ्या कागदासमोर बसवलं. याचं श्रेय मला देऊ नका. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी ते केलं.

धोटेकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, पॅनेलले आमी कधी 'तू बरं आहे का' असं विचारत नाई. टेंपरेचर किती, प्रेशर किती, हे विचारतो. बरं आहे का असं विचारलं तं कोनीही 'बरं आहे' म्हनते. तुमच्या घरी पाहुना आला अन् म्हने कसं काय, तं तुम्ही गुडघा दुखते म्हनून सांगता का?"

"नाही."

"मंग तुमचं हे हिरवं बटन मंजे खोटं बोलाची सोय आहे. ज्याचं उत्तर खरंच देता येते, असं काही विचारा."

खाली आरामशीन थांबलं तसे गुलाबरावजी म्हणाले, "चहा झाला का विचारा ना जी. चहाबद्दल कोनी झूठ नाई बोलत. अन् जो मानूस उठून चहा करून पेला, त्याचे हात चालू, पाय चालू, डोकं चालू. नाई झाला, तं काही तरी गडबड आहे."

एवढ्या मीटिंगा, एवढे तक्ते, आणि उत्तर खालच्या टालीत बसलेलं होतं.

पुढचं धोटेकाकांनी शिकवलं. पॅनेलवर बिघाड दाखवणारी दिव्याची खिडकी लुकलुकायला लागते, हूटर वाजतो. ऑपरेटरने 'ॲक्सेप्ट' दाबलं की हूटर थांबतो. पण दिवा विझत नाही. बिघाड खरंच दुरुस्त होईपर्यंत तो पेटलेलाच राहतो. "ॲक्सेप्ट मंजे ऐकलं," काका म्हणाले. "ऐकलं मंजे झालं नाई. तुमच्यात तं पोराने घंटी बंद केली की दिवाही बंद. पोरगा मीटिंगमधी बसून राहिला, त्याने घंटी दाबली अन् विसरला. मंग?" त्यांनी माझ्या पेनने कागदावर एक चौकोन काढला आणि तो पिवळ्या स्केचपेनने भरला. "हा दिवा पेटलेला ठेवा. अन् विझवाचं बटन घंटी ऐकनाऱ्याकडे नोको. ज्याच्यासाठी वाजली त्याच्याकडे."

एवढ्या वर्षांच्या कामात इतकं स्वच्छ बोलणं मी कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलं नव्हतं. त्या माणसाने आयुष्यभर लाखो घरांतले दिवे सांभाळले आणि आम्ही त्याला 'वापरकर्ता क्रमांक तीन' म्हणत होतो.

मावशींना मी पुण्याला फोन लावला. आधी दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून गप्प राहिल्या. मी सगळं सांगितलं, चहाचं, दिव्याचं, आणि शेवटी म्हटलं, "मावशी, तुमच्याशिवाय हे नीट होणार नाही."

मग म्हणाल्या, "हाक पयले चंद्रकलेले गेली पायजे. पुन्याचा मानूस येईस्तोवर मी काय पडून राहू? भिंतीपलीकडची बाई पयले. पोट्टा मंग."

मी लिहून घेतलं.

"अन् दुसरं. चा झाला का म्हनून कोनी विचारलं, तं आपन काय म्हनतो?"

"झाला म्हणतो."

"अन् मंग?"

"मग संपलं."

"अवं, 'झाला, तुमचा?' म्हनतो ना! तुह्यं डबडं नुसतं विचारते, त्याले कोनी विचारूच शकत नाई. मास्तरीन आहे का ते? एकटं मलेच काहून विचारते? मीही विचारीन. त्याचाही चा झाला का ते मले कळलं पायजे."

साहेबांना हे सांगितलं तर ते हसत सुटले. मशीन चहा पीत नाही म्हणाले. मी म्हटलं, मशीनने प्यायचाच नाहीये, सुधाकरने प्यायचाय. धोटेकाकांनी भिंतीकडे बघत मान हलवली. म्हणाले, दोन्हीकडे दिवा असला तं लाईन चालू आहे ते तं समजते. शेवटी साहेबांनी परवानगी दिली, बहुतेक मी लवकर गप्प व्हावं म्हणून. 'झाला' च्या शेजारी 'तुमचा?' असं बटण आलं. मुलाने नऊच्या आत उत्तर दिलं नाही, तर आईच्या मोबाईलवर घंटी.

प्लास्टर निघाल्यावर सुधाकर आईला गावी सोडायला तयार झाला, पण एका अटीवर. संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी होईपर्यंत हे नवीन चालवून पाहायचं. तेवढ्यात काही कमीजास्त झालं तर कुलूप, आणि मग पुन्हा विषय काढायचा नाही. मावशी हो म्हणाल्या. चंद्रकलेला मोबाईल दाखवायला मी स्वतः गेले. रोज सकाळी सहाला मावशींचा 'झाला, तुमचा?' जायचा आणि आठच्या सुमारास सुधाकरचा 'झाला' यायचा. तो मला एकदा फोनवर म्हणाला, आईमुळे मला रोज चहाची हजेरी द्यावी लागते. वैतागला होता, पण थोडा खूषही वाटला.

बहार तोडणीला आला होता. त्या सकाळी नऊ वाजले आणि सुधाकरचा चहा झालेला नव्हता. मावशींच्या मोबाईलवर घंटी वाजली. त्यांनी 'ऐकलं' दाबलं, दिवा पिवळा. सुधाकरला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. सून मुलांना घेऊन माहेरी गेलेली, हे त्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशीच तो फोनवर म्हणाला होता, "बरा आहे आई." मावशींनी नंतर मला सांगितलं, "बरा आहे मंजे काय ते मले विचार. मीच चार दिवस दाबत होती."

त्यांनी पुण्यात समोरच्या दारी राहणाऱ्या मंगलाताईंना फोन लावला. सुधाकर त्या फ्लॅटमध्ये सात वर्षं राहत होता आणि त्याला समोरच्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. मावशी पाय प्लास्टरमध्ये असताना तिथे दीड महिना राहिल्या, आणि तेवढ्यात मंगलाताईंचा नंबर, त्यांच्या सुनेचं बाळंतपण आणि गुडघ्याचं ऑपरेशन हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. शिवाय गावच्या सवयीने त्यांनी घराची दुसरी किल्ली मंगलाताईंकडे ठेवून दिली होती. सुधाकरने त्यावरून आईला चांगलं फैलावर घेतलं होतं. पुण्यात असं कोणी करत नाही म्हणाला होता. मावशींनी किल्ली परत मागितली नव्हती.

त्या किल्लीने दार उघडलं. सुधाकर स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला होता, शुद्ध जेमतेम. गॅसजवळ चहाचं भांडं, त्यात नुसतं पाणी. त्याला मधुमेह निघाला होता, औषधं सुरू होती, आणि हे त्याने आईपासून लपवलं होतं, उगाच काळजी नको म्हणून. आदल्या रात्री न जेवता त्याने गोळी घेतली, सकाळी साखर एकदम उतरली. मंगलाताईंनी तोंडात साखर घातली, आपल्या मुलाला हाक मारून गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

मावशी तेवढा वेळ ओसरीवर मोबाईल मांडीवर घेऊन बसून होत्या. चंद्रकला शेजारी. मला त्यांनी फोन केला तेव्हा मी ऑफिसात, चाचणीतल्या सगळ्या घरांचे दिवे दिसायचे त्या माझ्या पडद्यावर, तो पिवळा दिवा बघत होते. मंगलाताईंचा फोन आला की पोहोचलो दवाखान्यात, तरी दिवा पिवळा. डॉक्टर म्हणाले धोका नाही, तरी पिवळा. धोटेकाकांना बोलावलं होतं, ते माझ्यामागे उभे होते, खिशातल्या टॉर्चवर हात ठेवून. साहेबही येऊन उभे राहिले. साडेबाराला सुधाकर स्वतः आईशी बोलला. "आई, मी आहे गं," एवढंच म्हणाला म्हणे. मग त्याने स्वतःच्या मोबाईलवरचं बटण दाबलं आणि दिवा विझला. धोटेकाका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता रीसेट झालं." मी चष्मा काढून पुसत राहिले.

पंधरा दिवसांनी सुधाकर गावी आला तो तोडणीच्या वेळी. कुलपाचा विषय कोणी काढला नाही. त्याने आईकडे मोबाईल मागितला आणि स्वतःची औषधं, त्यांच्या वेळा, सगळं आईच्या मोबाईलमध्ये भरून दिलं. मोटरवालीच्या खालीच.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे एकच काम उरलं होतं, नोंदणीचा कागद नव्याने करायचा. जुना काढून बघितला. मावशींचं दाबून लिहिलेलं अक्षर, सुधाकर वर, सिंधू खाली. त्यावर माझी काट. वहीत त्या पानावर समासात 'वा. गों.' मी ते खोडलं आणि वर लिहिलं 'आ. गों.', आमचा गोंधळ. मग मागची पानं चाळली. गुलाबरावजींच्या 'वाढवा' पाशी थांबले, तिथेही तेच लिहिलं. पुष्कळ पानं होती, पण तेवढ्या दिवसांत जमतील तितकी बदलली.

कागदावरचे दोन्ही मथळे मी काढून टाकले. आता एकच मथळा आहे, 'एकमेकांची चौकशी करणारे', आणि त्याखाली दोन नावांच्या ओळी, कोणाचं कुठेही लिहा. छापायला देण्याआधी मावशींना फोन करून वाचून दाखवला. कसा वाटतो विचारलं.

"चांगला आहे," मावशी म्हणाल्या. मागे कुठे तरी मोटर सुरू असल्याचा आवाज येत होता. "पन म्या तं पयल्याच दिवशी बरोबर लिहून देलं होतं वं बाई. तूच खोडलं."

"हो मावशी," म्हटलं. "मीच खोडलं."